प्रभुभोजनातला हिरडा

लेकीनं तोंड वाकडं केलंच न्हाई. तितंच मला शंका आली. हिरड्याचं पाणी वाटीत काढून चमच्यानं पाजलं की ती डोळं मिटती, जीभ बाहेर काढती, अर्धं माझ्या अंगावर थुकती, सकाळपासनं हेच चाललेलं. अन् आता तिनं मिटक्या मारल्या, माझा हात धरला अन् चमचा आपल्याकडं ओढला, आणखी दे म्हणून. मी वाटी न घेता थेट फुलपात्रातनं दुसरा चमचा दिला. तोबी गटकन गेला. मग मी त्याच चमच्यानं स्वतः चाखलं. गोड लागलं. लवंगेचा वास आला.

लवंग मी प्रभुभोजनाच्या रसात, म्हंजी ख्रिस्ती लोक येशूच्या आठवणीत उपासनेत घोट घोट घेत्यात त्या रसात, घातली व्हती. म्हंजी माझ्या हातातलं हे फुलपात्र प्रभुभोजनाचं. अन् पोरीच्या हिरड्याचं पाणी पलीकडच्या खोलीत, मेजावर, पांढऱ्या कापडाखाली, सोळा आमचे अन् दोन पाहुण्यांचे, अशा अठरा इवल्या पेल्यांत ओतून ठेवलेलं. मीच ओतलेलं.

भिंतीपल्याड पुण्याहून आलेले मोठे पाळक, चर्चचे धर्मगुरू, बोलत व्हते. आवाज येत व्हता, शब्द कळत नव्हते. त्यांच्या शेजारी माझी सासू उभी व्हती. सासूला मी आत्या म्हणते. साठीला आलेली बाई, नवी कोरी पांढरी साडी नेसून. त्या दिवशी ते साहेब ठरवणार व्हते, का आमच्या ह्या सोळा माणसांना मंडळी, म्हंजी चर्चची शाखा, म्हणायचं का न्हाई, अन् आत्यांनी तिची सेवा करायची, ती चालवायची, का न्हाई. अन् मी काय करून ठेवलं व्हतं? सगळ्यांना पोट साफ व्हायचं औषध.

मी चमचा फुलपात्रातच टाकला अन् लेकीला कडेवर घेतलं.

थांबा, आधीचं सांगते, न्हाईतर तुमाला कळायचं न्हाई मी एवढी का घाबरले.

मी वरच्या डोंगरवाडीतली. आमच्याकडं सातवीच्या पुढं शाळा न्हाई, म्हणून मी सातवीपर्यंतच. आमच्यात देव वेगळे. नवऱ्याचं घर ख्रिस्ती, आज्यापणज्यापासनं. लग्न आमचं आमीच जुळवलं, ते एक वेगळंच महाभारत हाय, ते राहूद्या. आमचे हे जीप चालवत्यात, रविवारी भुशी धरणावर गर्दी असती म्हणून रविवारी ते घरी कदीच नसत्यात. घरात मी, आत्या, अन् अकरा महिन्यांची लेक. घर बेगडेवाडी स्टेशनच्या अलीकडं, मागं एक पत्र्याची लांब खोली. तितं पूर्वी चिक्की बनायची. चिक्कीवाला गेला, पण गूळ भिंतीत राह्यला. दमट हवा झाली की फरशी चपलेला धरती अन् मुंग्या कुटनं येत्यात देव जाणे.

आत्यांनी तीस वर्सं लोणावळ्याला एका शाळेच्या बोर्डिंगात सैपाक केला. दोनदोनशे पोरांच्या पोळ्या. मग पित्ताशयाचं ऑपरेशन झालं, काम सुटलं. दवाखान्यात त्यांच्या शेजारच्या खाटेवर एक बाई व्हती, तिला बघायला कोणीच येईना. आत्यांनी टाके ताजे असताना उठून तिच्यापाशी बसून प्रार्थना केली. बाई दुसऱ्या दिवशी वारली. घरी येऊन आत्यांना आठ दिवस झाले. मग एक दिवस तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "मला बोलावणं आलंय."

मला वाटलं वडगावच्या कोर्टाचं आलं, जमिनीचं कायतरी. मी म्हणलं, "कवाची तारीख हाय?"

त्या इतक्या हसल्या की टाक्यांवर हात धरला. "अगं येडे, देवाचं."

आमचे हे म्हणाले, "आई, आता विसावा घ्यायचा सोडून काय हे." आत्या म्हणाल्या, "विसावाच घेत व्हते, त्यानंच उठवलं."

मग त्यांनी दोन वर्सं बायबलचा वर्ग केला. दर शनवारी डबा घेऊन पुण्याला. वर्गात सगळी पंचविशीतली पोरं, अन् ह्या. एका डोळ्यात मोतीबिंदू. धडे बारीक अक्षरात. म्हणून संध्याकाळी मी वाचायची अन् त्या ऐकायच्या. मी सातवीची, मला मोठे शब्द फोडून फोडून वाचावे लागायचे. पोटात लेक व्हती तवा मी वाचत व्हते, लेक झाली तवा मांडीवर घेऊन वाचत व्हते. पहिल्या परीक्षेला आत्या नापास झाल्या. मला रडू आलं, जसं मीच नापास झाले. त्या म्हणाल्या, "रडतीस काय, परत वाच." परत वाचलं. दुसऱ्या टायमाला पास.

आता तुमी म्हणाल लोणावळ्यात ख्रिस्ती देवळं हायेत की चांगली जुनी, मग नवी मंडळी कशाला. आमच्या बाजूला कंपन्यांत काम करणारी नगर, जालन्याकडची ख्रिस्ती माणसं राह्यला आलीत. रविवारची पहिली शिफ्ट करून तीनला सुटत्यात. सकाळच्या उपासनेला जाणार कवा? अन् गेली तर मागच्या बाकावर बसत्यात, कपड्याला ऑइलचा वास येतो म्हणून लाजत्यात. आत्यांनी चिक्कीच्या खोलीत रविवारी चारला बसायचं सुरू केलं. पहिल्या दिवशी तिघं. मग सात. मग सोळा. शेजारच्या काकू, गावातलं मोठं घर त्यांचं, कुंपणावरनं मला म्हणाल्या, "काय गं, सासूला म्हातारपणी हे काय सुचलं? तुला बी बाटवली का?" मी म्हणलं, "न्हाई काकू, मला अजून कोणी इचारलंबी न्हाई." ते खरं व्हतं. आत्यांनी मला कदी बाप्तिस्मा घे म्हणलं न्हाई. मी नुसती मागं बसायची, पोरीला घेऊन. मेजाजवळ जायची न्हाई.

पण रस मी करायचा, असं आत्यांनी ठरवलं.

आमच्याकडं द्राक्षाचा रस मिळत न्हाई तसला, म्हणून काळ्या मनुका रात्रभर भिजवायच्या, कुस्करायच्या, उकळायच्या, गाळायच्या. आमच्या खोलीतलं हे पहिलंच प्रभुभोजन, कारण पाळक आल्याबिगर ते व्हत न्हाई. आत्या म्हणाल्या, "तुझ्या हाताला चव हाय, तू कर." मला आतनं लय बरं वाटलं, पण भीतीबी वाटली.

अन् त्याच आठवड्यात लेकीचं पोट बांधलं. एक दिवस न्हाई, दोन दिवस न्हाई, चार दिवस. पोट असं टम्म. ती रडायची, मी रडायची. आईला वाडीवर फोन केला. आई म्हणाली, "काळ्या मनुकांच्या पाण्यात हिरडा उगाळ. दोन चमचे लेकीला, उरलेलं तू पी, तुझ्या अंगावर पिती ना ती." हिरडा आमच्याकडं रानातच. मी सासरी येताना आईनं पुरचुंडी बांधून दिलेली. मी इतकी घाबरलेली की दोन वेढे उगाळायच्या जागी धा उगाळले, अन् वर खडाबी पाण्यातच ठेवला रात्रभर.

आता बघा. एक फुलपात्र रसाचं, एक फुलपात्र हिरड्याचं. दोन्ही काळं-तांबडं. दोन्हीवर ताटली. एकाच ओट्यावर. मी डावंउजवं लक्षात ठेवलेलं. पण दुपारी मुंग्या लागल्या, मी दोन्ही उचलून पाण्याच्या परातीत ठेवली, ओटा पुसला, परत ठेवली, तवाच डावंउजवं झालं असणार. तेवढ्यात पोरगी उठली, तेवढ्यात पाहुणे आले.

पाहुणे दोघं. मोठे पाळक, उंच, शांत माणूस. अन् त्यांच्याबरोबर समितीच्या एक बाई, सोनेरी काड्यांचा चष्मा, हातात फाईल. मी पेले भरत व्हते तवा त्या सैपाकघरात आल्या.

"रस तुम्ही केलात?"

"व्हय."

"तुमचा बाप्तिस्मा झालाय?"

मी मान हलवली, न्हाई म्हणून. त्यांनी फाईल छातीशी धरली अन् ताट न्यायला आलेल्या आत्यांकडं बघितलं. आत्या म्हणाल्या, "माझी सून हाय ती." बाई म्हणाल्या, "ते दिसतंय हो," अन् निघून गेल्या. त्या 'हो'नं माझं अर्धं रक्त आटलं. त्या घाईतच मी बाकीचे पेले भरले, कापड टाकलं, आत्या ताट घेऊन गेल्या.

आता तुमाला कळलं ना, मी हातात फुलपात्र घेऊन का उभी व्हते ते.

मी धावले. लेक कडेवर, फुलपात्र हातात. मागच्या दाराशी पोचले. प्रार्थना चालूच व्हती, सगळ्यांचे डोळे मिटलेले. माझ्याजवळ खरा रस व्हता, जवळजवळ भरलेला. दोन पावलं आत टाकली असती, आत्यांच्या पदराला हात लावला असता, तर काम झालं असतं. पेले रिकामे करायचे, परत भरायचे. लोकांनी वाट बघितली असती. चष्मेवाल्या बाईंनी फाईलमध्ये कायतरी लिहिलं असतं, लिहूदे.

पाऊल उचललंबी व्हतं मी.

अन् मग मला चमचा दिसला. फुलपात्रातच व्हता, माझ्या लेकीच्या लाळेचा. तिनं चाटलेला, मी चाखलेला, तीनदा आत-बाहेर झालेला. रस उष्टा झाला व्हता.

उष्टं देवाला? आमच्या वाडीत नैवेद्याला मुंगी लागली तर दुसरा करत्यात. लहानपणी मी एकदा देवाच्या ताटातला गुळाचा खडा आधी चोखला व्हता तर आईनं पाठ सुजवलेली. ह्यांच्यात कसं असतं ते मला ठाऊक नव्हतं. कोणाला इचारणार? सगळे डोळं मिटून. मेजावरचं कडू, पण चोख, सकाळपासनं लेकीला वाटीत काढून दिलेलं म्हणून कोणी तोंड न लावलेलं. माझ्या हातातलं खरं, पण उष्टं. अन् उष्टं करणारी कोण, तर जिचा बाप्तिस्मा झाला न्हाई ती, अन् तिची लेक. लेकीनं माझं मंगळसूत्र तोंडात धरलं व्हतं.

"आमेन," झालं.

सगळ्यांनी डोळे उघडले. आत्यांनी ताट उचललं, अन् त्यांना मी दिसले. त्यांनी भुवया उडवल्या, काय गं, अशा. मी मान हलवली. काय न्हाई, म्हणलं. तोंडानं न्हाई, मानेनंच. अन् दारामागं झाले.

दाराच्या फटीतनं मी बघितलं सगळं. पहिला पेला पाळकसाहेबांनी घेतला. त्यांचा गळा एकदा वर गेला, खाली आला. चेहरा तसाच. मग बाईंनी. त्यांच्या चष्म्यामागं पापण्या फडफडल्या. मग एकेक करत सगळी. कंपनीतली दोन पोरं एकमेकांकडं बघून डोळं मोठं करत व्हती. आमच्यात एक आबा हायेत, रेल्वेत गँगमन व्हते, त्यांनी पेला रिकामा केला, मिशी पुसली अन् कोणाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात, जो सगळ्या खोलीला ऐकू गेला, म्हणाले, "जहाल हाय!"

कोणी हसलं न्हाई. कोणी पेला ठेवला न्हाई. अठराच्या अठरा पेले रिकामे.

त्यातला शेवटचा आत्यांचा. ऑपरेशननंतर महिनाभर मीच त्यांना हिरडा दिला व्हता. जिभेला लागल्याबरोबर त्यांना कळलं. त्यांनी दाराकडं बघितलं. मी फटीतनं बाजूला सरले.

शेवटचा आशीर्वाद चालू झाला अन् माझ्या लेकीनं, चार दिवस बंद असलेल्या माझ्या लेकीनं, माझ्या कडेवर सगळं मोकळं केलं. आवाजासकट. नुसत्या मनुका अन् लवंगेवर. मला हसावं का रडावं कळंना. मी रडले.

लुगडं बदलून आले तवा चहा चालला व्हता. चष्मेवाल्या बाईंनी कपबशी खाली ठेवली अन् इचारलं, "रसात काय होतं?"

सगळे माझ्याकडं वळले.

मी बोलले. कसं बोलले मला ठाऊक न्हाई, एका दमात बोलले. "हिरडा व्हता बाई, पोरीच्या पोटासाठी केलेला, फुलपात्रं बदलली, चूक माझी हाय, आत्यांची न्हाई, त्यांना ठाऊकच नव्हतं, त्यांच्या कागदावर काय लिहू नका."

पाळकसाहेबांनी हळूच इचारलं, "हिरडा? म्हणजे ते रेचक?"

"व्हय. पण थोडंच गेलंय. उगाच एकदा जास्ती जावं लागंल."

आबांना राहवलं न्हाई. "मंग मला आधीच सांगायचं, मी दोन पेले घेतले असते. तीन दिवस झाले माझं बी…"

आता मातर खोली फुटली. कंपनीतली पोरं एकमेकांच्या अंगावर पडून हसली. पाळकसाहेब हसता हसता म्हणाले, "पण तुम्ही कोणीच काही बोलला कसे नाहीत?"

आबा म्हणाले, "आमाला वाटलं पुण्याकडं असाच असतो."

"आणि मला वाटलं," पाळकसाहेब म्हणाले, "मावळात असाच करतात."

बाई हसल्या न्हाईत. त्या म्हणाल्या, "हसण्यावारी नेऊ नका. ज्या बाईचा बाप्तिस्मा नाही तिच्यावर मेजाची जबाबदारी टाकली, हा प्रश्न आहे. उद्या ह्या मंडळीचं काय?"

मला वाटलं, गेलं. दोन वर्सांचे शनवार, मोतीबिंदूचा डोळा, ती नापासाची परीक्षा, सगळं माझ्या एका फुलपात्रानं घालवलं.

आत्या कदी मोठ्यानं बोलत न्हाईत. तवाबी बोलल्या न्हाईत. म्हणाल्या, "बाई, मला दिसत नव्हतं तवा माझे सगळे धडे हिनं वाचले. तुमच्या फाईलमधी माझा जो पासाचा कागद हाय, तो हिच्या तोंडानं आलाय. धडे हिच्या तोंडनं चालले, तर रस हिच्या हातनं का न्हाई? आज चुकली. मी बोर्डिंगात तीस वर्सांत किती येळा मीठ इसरले, मोजलं न्हाई. पोरं जेवलीच की."

बाईंनी फाईल उघडली, काय लिहिलं ते दिसलं न्हाई. पाळकसाहेबांनी जाताना लेकीच्या डोक्यावर हात ठेवला अन् म्हणाले, "हिला बरं वाटलं ना आता?" एवढंच. मंडळीचं काय ठरलं ते सांगितलं न्हाई. गाडी गेली.

पंधरा दिवस मी फोन वाजला की दचकायची. आत्या रोजच्यासारख्या दवाखान्यात, ज्यांना बघायला कोणी येत न्हाई त्यांच्यासाठी, पेज घेऊन जायच्या. मला एका शब्दानं बोलल्या न्हाईत. फक्त एकदा भांडी घासताना म्हणाल्या, "धा वेढे उगाळले व्हतेस का गं?" मी म्हणलं, "व्हय." म्हणाल्या, "तरीच."

सोळाव्या दिवशी फोन आला. आत्या फोन कानाला लावून नुसतं "बरं, बरं, बरं" म्हणत राह्यल्या. मग ठेवला, अन् ओट्याला धरून खाली बसल्या. मी धावले, मला वाटलं चक्कर आली. त्या म्हणाल्या, "मंडळी धरली आपली, अन् सेवाबी मलाच दिली. अन् ऐक, त्या बाईंनीच सही केली. म्हणाल्या, जी माणसं न कुरकुरता तसलं पिऊ शकत्यात त्यांचं टिकंल."

आता आमी अठ्ठावीस जण हावोत. फरशीवर सतरंजी हाय, ती शेजारच्या काकूंनी दिलीय, "चिकट फरशीवर म्हाताऱ्या माणसांना बसवतीस, लाज वाटती का," असं म्हणून कुंपणावरनं टाकली. रस अजून मीच करते. रसाच्या फुलपात्राला लाल दोरा बांधलाय. आबा दर टायमाला पेला घेताना माझ्याकडं बघून डोळा मारत्यात. अन् मी बाप्तिस्म्याच्या वर्गाला बसती. कोणी म्हणलं न्हाई, माझं मीच आत्यांना इचारलं. शिकवणाऱ्या आत्याच हायेत. आता त्या मला धडे सांगत्यात अन् मी तेच वाचून दाखवती, म्हंजी आमचं आधीचंच चाललंय.

पण एक राह्यलंय. सगळ्यांना ठाऊक हाय की फुलपात्रं बदलली. सगळ्यांना वाटतं मला ते मागनं कळलं. आत्यांनाबी तसंच वाटतं. मी दाराशी उभी व्हते, आमेनच्या आधी, खरा रस हातात घेऊन, अन् आत्यांनी भुवया उडवून इचारलं तवा मी सगळं ठाऊक असून मान हलवून न्हाई म्हणलं, हे कोणालाच ठाऊक न्हाई. मी चुकले त्याची लाज गेली आता, त्यावर सगळी हसत्यात, मीबी हसती. पण त्या मान हलवण्याचं मला अजून कळत न्हाई. ती भीती व्हती, का मान व्हता, मेजाचा? आत्यांना इचारीन म्हणते, बाप्तिस्म्याच्या पाण्यात उतरायच्या आधी तरी. रोज धडा संपला की तोंड उघडती, अन् लेक रडती.

तुमी सांगा. लेक कडेवर, सगळ्यांचे डोळे मिटलेले, मेजावर कडू पण चोख, अन् हातात खरा पण उष्टा. तुमी त्या दाराशी असता तर आत पाऊल टाकलं असतं का?